हौसेचं वाजवणं

हे मला नीट सांगता येईल की नाही, ठाऊक नाही. कॉलेजात निबंध लिहायला शिकवतात, पण स्वतःच्या घरातली गोष्ट कुठून सुरू करायची ते कुणी सांगत नाही. मी त्या संध्याकाळपासून सुरू करतो.

दुर्गच्या कॉलेजातून सायकलवर भिलाईला परतताना मी रशियन इंजिनिअर राहत त्या सेक्टरातून आलो. एका क्वार्टरच्या मागच्या अंगणात एक जाडजूड माणूस बनियनवर उभा राहून ट्रम्पेट वाजवत होता. त्याला मी चेहऱ्यानं ओळखत होतो. पोलादाच्या प्लांटातल्या भट्टीच्या उभारणीवरचा तो मोठा साहेब. बाबा त्याच्याच विभागात खलाशी होते, दोर-साखळ्यांनी अवजड लोखंड चढवणारे. ऐकायला समोर कुणी नव्हतं, दोरीवर वाळणारे कपडे होते फक्त. तो एक ओळ वाजवायचा, चुकायचा, स्वतःशी हसायचा, पुन्हा वाजवायचा. मी एक पाय जमिनीला टेकवून उभा राहिलो आणि माझ्या अंगावर काटा आला. तो फार चांगलं वाजवत होता असं नाही. पण हे वाद्य वाजवताना चुकलेला माणूस हसू शकतो, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

आमच्या घरात ट्रम्पेट म्हणजे काम होतं. भंडाऱ्याकडच्या आमच्या गावात बाबांची बँडपार्टी होती आणि मिसरूड फुटायच्या आधीच मी तिच्यात वाजवत होतो. वरातीत सूर चुकला की शिव्या पडत. वाजवून झालं की मांडवाबाहेर, गुरांच्या बाजूला बसायचं आणि सगळ्या पंगती उठल्यावर जे उरेल ते खायचं. मग आमच्या लोकांनी धम्म घेतला. गावच्या बैठकीत ठरलं की यापुढं कुणाच्या दारात वाजवायचं नाही. पहिला हात वर झाला तो बाबांचा. पार्टी त्यांची, पोट तिच्यावर चालत होतं, तरी त्यांचाच. त्यानंतर ते भिलाईला आले, प्लांटात लागले आणि मागून आम्ही आलो. ढोल गावातच मोडले होते. बाबांचं ट्रम्पेट मात्र गोधडीत गुंडाळून पेटीतून आलं. ते का आणलं, असं घरात कुणी विचारलं नाही.

रशियन साहेबाला ऐकल्यावर मी आईला विचारून ती पेटी उघडली. पितळ हिरवट पडलं होतं, तिन्ही खटके अडकले होते. गोडंतेल सोडून ते मोकळे केले आणि ट्रम्पेट तोंडाला लावलं. नुसती हवा फसफसली. माझी बोटं काही विसरली नव्हती, ओठ सगळं विसरले होते.

आमच्या क्वार्टरची भिंत शेजाऱ्यांच्या भिंतीला लागून. शिवाय बाबांना काय वाटेल याची धास्ती होती, त्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं. म्हणून रुआबांधा गावाच्या पुढच्या मोकळ्या माळावर जाऊ लागलो. तिथून सगळा प्लांट दिसे. गावात होतो तेव्हा देवळाच्या कळसापेक्षा उंच काही असतं हे मला माहीत नव्हतं, आणि इथं माणसांनी उभी केलेली धुराडी आभाळात गेली होती. त्यांच्याकडे तोंड करून मी एकच सूर धरायचा प्रयत्न करी. तो फाटायचा. ओठ सुजायचे. बरेच दिवस गेले आणि एका सकाळी सूर फाटला नाही. खालून उठला, चढत गेला, माझा दम होता तोवर टिकला. तो माझ्यातून निघतो आहे यावर माझा विश्वास बसेना. मी तसाच पुन्हा वाजवला, मग आणखी एकदा.

थोड्या वेळानं एक मुकादम धावत आला. माळाच्या पलीकडे नव्या क्वार्टरांचे पाये खणत होते. वाऱ्यावर माझा सूर तिकडे गेला आणि रेजा-कुलींना, म्हणजे तिथल्या मजूर बायका-माणसांना वाटलं, प्लांटचा दुपारचा भोंगा झाला. त्यांनी घमेली खाली ठेवली आणि झाडाखाली बसून बासी, रात्रीचा पाण्यात भिजवलेला भात, खायला काढली. जेवणाच्या सुट्टीला अजून बराच अवकाश होता. मुकादमानं मला हिंदीत भरपूर सुनावलं. मी माफी मागत त्याच्यामागं तिथवर गेलो, तर एक म्हातारी रेजा भाताचा घास हातात धरून म्हणाली, "रोज अइसने बजाबे, बाबू." सगळ्या बायका हसल्या. मुकादमालाही हसू आलं.

ही गोष्ट बाबांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. ड्यूटीवरून येऊन त्यांनी हातपाय धुतले आणि माझ्यासमोर बसले.

"भोंगा तू वाजवला म्हनते?"

मी हो म्हणालो.

"आपन हे कावून सोडलं, तुले ठावं हाय."

मला ठाऊक होतं. वाजवणं सोडणं ही त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट होती. माझ्यामुळं ती लहान व्हावी असं मला वाटत नव्हतं. ते नाही म्हणाले असते तर मी ट्रम्पेट परत गोधडीत गुंडाळलं असतं. पण ते सोडवतही नव्हतं. मी त्यांना रशियन साहेबाची हकीकत सांगितली.

बाबांना ते खरं वाटेना. "तेच्या घरी लगन होतं कोनाचं?"

"कोणाचंच नाही, बाबा. हौस आहे त्याची."

"हौस," ते म्हणाले. हा शब्द आमच्याकडं नवा नव्हता. लोक हौसेनं बँड लावत. पण हौस लावणाऱ्याची असे, आमचा असे तो दम. वाजवणाऱ्यालाही हौस असू शकते, हे वाक्य आमच्या घरात कधी बोललं गेलं नव्हतं.

शेवटी उठताना ते म्हणाले, सुट्टीच्या दिवशी मी येतो, आयकतो, मंग सांगतो.

ते माळावर आले. विटांच्या थप्पीवर बसले. मी माझा लांब सूर लावला. त्यांनी मान हलवली, म्हणाले, सूर झाला, आता चाल वाजव. मला वरातीच्या चालींखेरीज काही येत नव्हतं, आणि त्याच त्यांच्यापुढं वाजवायला जीव कचरत होता. पण दुसरं काही नव्हतंच. मी त्यांनी पहिल्यांदा शिकवलेली चाल हळूहळू वाजवली आणि थांबलो.

"थांबला कावून?"

"पुढं येत नाही. तुम्ही इथवरच शिकवली."

बाबांचे ओठ हलू लागले. मनातल्या मनात ते चाल म्हणत होते. मांडीवर तीन बोटं खटके दाबल्यासारखी चालत होती. त्याच जागी येऊन बोटं थांबली. त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून धरून पाहिली. पुन्हा तिथंच थांबली.

"एवढीच हाय," ते म्हणाले. "इथं नवरदेव मांडवात शिरे. कोनीतरी हात हालवे, का बस. आपन थांबलो." मग, जणू त्यांचं त्यांनाच नवल वाटत होतं, "पुढं काय हाय, मलेही ठावं नाही."

उभ्या जन्मात किती वरातींपुढं त्यांनी ही चाल वाजवली असेल, आणि ती कुठं संपते ते त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांना शिकवणाऱ्यानंही ऐकलं नसावं. कदाचित ती संपवायची असते हे कुणाच्या मनातच आलं नसेल.

"इथं कोन हात हालवते?" बाबा म्हणाले. "वाजव पुढं."

"काय वाजवू?"

"मले काय ठावं. वाजव."

मी एक सूर लावला. तो चालीत बसला नाही. दुसरा लावला, तोही नाही. बाबांनी डोळे मिटले, मधलं बोट मांडीवर दाबलं आणि तसंच दाबून धरलं. मी मधला खटका दाबला आणि फुंकलं.