डबल बेल

गुरप्पा गाडी बघायला जाणार म्हटल्यावर मी न बोलावताच तयार होऊन बसलो. एकोणीस वर्षं त्यानं सोलापूर-करमाळा एसटी चालवली आणि मागं मी तिकिटं फाडली. अजूनही तो मला मास्तरच म्हणतो. एसटीत कंडक्टरला तसंच म्हणतात. रिटायर झाल्यापासून त्यानं स्टिअरिंगला हात लावला नव्हता. आज लावणार होता. मी चहा अर्धा टाकून उठलो.

गाडी हवी होती त्याच्या लेकीला, काव्याला. तिला चिंचोळी एमआयडीसीत नोकरी लागली होती. आम्ही राहतो वळसंगला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. स्वतःची गाडी आली तर घरून ये-जा, नाहीतर शहरात खोली. लायसन तिच्याकडं दोन वर्षांपासून होतं, पण बापाचं एकच पालुपद, "आदी गाडी मला पटू दे." गाडी हा बहाणा होता. लेक एकटी हायवेला जाणार, हे त्याच्या पचनी पडत नव्हतं. पण तसं कबूल करेल तर तो गुरप्पा कसला.

शोरूममध्ये ती छोटी एसयूव्ही उभी होती, बजेटात बसणारी, उंचीला ऐटबाज, लांबीला बेताची. गुरप्पानं वाकून खालची उंची बघितली, टायर दाबले. शोरूममधली मनाली मोठा स्क्रीन दाखवू लागली.

"त्ये ऱ्हाऊ द्या, बाई. मागचं किती दिसतंय?"

"सर, मागं कॅमेरा आहे."

"आन त्येच्यावर चिखल उडल्यावर?"

मनालीनं हसत आरसे जुळवून दिले.

टेस्ट ड्राइव्हला गुरप्पा स्टिअरिंगवर, मनाली शेजारी, काव्या नि मी मागं. इंजिन सुरू झालं, पहिला गिअर पडला, आणि गाडी हलेचना. "सर, ब्रेक सोडा," मनाली म्हणाली. गुरप्पा आरशात बघत तसाच बसून. मला एकदम उमगलं. कंडक्टरची डबल बेल झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हे त्याच्या पायात मुरलेलं होतं. मी छतावर दोनदा ठोकलं. गाडी निघाली.

"मास्तर, लई दिसानं बेल दिली की."

मग काय विचारता! खड्डे झाले, स्पीडब्रेकर झाले, खाली कुठं घासलं नाही. चढावर मुद्दाम थांबवून उचलली, तसूभर मागं सरली नाही. मी मागं पाय पसरून ओरडत होतो, "गुडगं लागत न्हाईत! एसी हितवर येतोय!" इतका आनंद मला माझ्या पेन्शनच्या पहिल्या दिवशीही झाला नव्हता. गुरप्पा मात्र मुद्दाम आणखी खड्डे शोधत होता. त्याला खोट सापडत नव्हती.

शेवटी त्यानं गाडी कडेला घेतली. "काव्या, तू बस," म्हणाला आणि माझ्याशेजारी मागं येऊन बसला. आयुष्यात पहिल्यांदाच तो मागच्या सीटवर बसला असेल.

काव्यानं सीट पुढं ओढली, आरसे बघितले, गिअर टाकला आणि थांबली. आरशातून बापाकडं बघत राहिली. शेवटी ड्रायव्हरचीच पोरगी.

सवयीनं माझा हात छताकडं गेला. गुरप्पानं मनगट धरून तो खाली ओढला. काव्याचा चेहरा पडला.

"तू न्हाय, मास्तर," तो म्हणाला, आणि त्यानं स्वतःच्या हातानं छतावर दोनदा ठोकलं.