सईच्या गाडीला ब्रेक नसतात

किस्से जमवायचे असतील तर माणसानं स्पीडवेच्या पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या दुरुस्त करतात तिथे, जाऊन बसावं. शर्यत एका मिनिटाची आणि पुढच्या शर्यतीची वाट बघणं पाऊण तासाचं! तेवढ्यात चेन साफ करून होते, चहा पिऊन होतो, मग गप्पा मारण्याशिवाय करणार काय? गेल्या सात-आठ वर्षांत इतके किस्से साठलेत की मी घरी तोंड उघडलं की नवरा म्हणतो, "हा झालाय सांगून." म्हणून आता तुमच्या वाट्याला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मातीचा लंबगोल ट्रॅक, चार मोटरसायकली, चार फेऱ्या. वळणं सगळी डावीकडची, गाडी आडवी घसरवत न्यायची, आणि गाडीला ब्रेक नाहीत.

आमचा गट म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या एका रस्त्यावरची दोन मराठी घरं आणि एक म्हातारा ऑसी. सई ही आमची रायडर, वय अठरा. तिची आई वैशाली हॉस्पिटलात हाडांच्या वॉर्डमध्ये नर्स आहे, बाबा नितीन सॉफ्टवेअर टेस्टर. मी समोरच्या घरातली अंजूमावशी. पोर्ट केम्ब्लाला स्टीलच्या कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर आहे, म्हणून गाडीचे नटबोल्ट माझ्याकडे. म्हाताऱ्याचं नाव बॅरी. त्याचं बोलणं मी मराठीत सांगते, शिव्या वगळून.

या खेळात काही करून दाखवायचं तर इंग्लंडला जावं लागतं. खरी लीग तिथे. क्लब तुम्हाला टीममध्ये जागा देतो. इंजिनं, टायर, व्हॅन, तिकीट तुमचं तुम्ही बघा! चांगली चांगली पोरं इथेच अडकतात, ती वेगात कमी पडतात म्हणून नाही, मागे कोणी उभं नसतं म्हणून. सईला तिथे एक सीझन काढायचाय. आणि तिला तिथे पोचवायचंच, हा आमचा हट्ट.

*

सई दहा वर्षांची होती तेव्हा नितीननं ऑनलाइन जाहिरात बघून तिच्यासाठी एक जुनी छोटी स्पीडवेची गाडी मागवली. आला खोका, उघडला. नितीन पेशानं टेस्टर, त्यानं गाडीला तीन प्रदक्षिणा घातल्या आणि विकणाऱ्याला इमेल लिहिला. सोबत सहा फोटो, त्यावर लाल बाण. "गंभीर दोष. ब्रेक पुढेही नाहीत, मागेही नाहीत. पैसे परत करा."

दुसऱ्या दिवशी फोन आला. विकणारा होता बॅरी.

"मित्रा, हिला ब्रेक नसतातच."

नितीन भडकला. "मग थांबायचं कसं?"

"तुझ्या मुलीला थांबायचंय का?"

नितीननं फोनवर हात ठेवला आणि सईला विचारलं. सई गाडीवरून उतरलीसुद्धा नव्हती. म्हणाली, "नो."

पुढच्या शनिवारी बॅरी स्वतः तिला शिकवायला आला. तेव्हापासून येतोच आहे.

*

रायडरच्या डाव्या बुटाखाली एक पोलादी तळ लावतात. वळणावर तो पाय जमिनीवर घसरवत न्यायचा असतो. बॅरी म्हणाला, विकत कशाला, अंजू स्टीलच्या कारखान्यात आहे ना!

आता मला सवय कारखान्याची. आमच्याकडे काहीही बनवायचं ते पंचवीस वर्षं टिकेल असं. मी मापं घेतली, ड्रॉइंग काढलं, ओळखीच्या वर्कशॉपमधून जाड प्लेट कापून आणली, घरी बसून वेल्डिंग केलं. देखणा झाला होता हो तो तळ! सईनं बूट चढवला, आणि तिला पायच उचलेना.

बॅरीनं तो हातात घेऊन जोखला. मग नितीनला हाक मारली.

"नितीन! तू मागितलेला ब्रेक आला बघ."

*

आपल्याकडे दसऱ्याला गाडीची पूजा होते आणि इथला सीझन नेमका त्याच सुमाराला सुरू होतो. हा योग सोडायचा कसा? वैशालीनं इंजिनाला हळदकुंकू लावलं, हँडलला झेंडूचा हार घातला. आणि आम्ही ती सजलेली गाडी तशीच तपासणीला नेली, तिथे उभी करून मागच्या चाकाखाली लिंबूही ठेवलं!

तपासणारा अधिकारी कडक. त्यानं इंजिनावर बोट फिरवलं, लाल बोट नाकाशी नेलं आणि विचारलं, "हे काय गळतंय?"

वैशाली म्हणाली, "आशीर्वाद."

त्यानं वहीत काहीतरी लिहिलं. "फुलं काढा, चेनमध्ये अडकतील. लिंबाबद्दल नियम नाही."

सईनं लिंबू चिरडून गाडी बाहेर काढली आणि त्या दिवशी तिन्ही शर्यती जिंकल्या. पुढच्या आठवड्यात शेजारच्या पिटमधला सहा फुटी, हातभर टॅटूवाला रायडर आमच्याभोवती घुटमळायला लागला. शेवटी इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "अजून एक लिंबू आहे का?"

*

आमच्या मराठी मंडळाचा तरुणांसाठी एक निधी आहे. सईनं अर्ज केला. टूनगॅबीच्या हॉलमध्ये मीटिंग. वैशाली सकाळची शिफ्ट संपवून, युनिफॉर्म न बदलता थेट तिथे आली.

अध्यक्ष मोकाशीकाका माणूस वाईट नाही, पण एकदा माइक हातात आला की त्यांना जगाची काळजी वाटायला लागते. "बुद्धिबळाला दिले असते, टेनिसला दिले असते. पण हे म्हणजे आपणच पैसे देऊन पोरीचे हातपाय मोडून घेणं! उद्या काही झालं तर? मुलीची जात आहे..."

"मुलीची जात" ऐकल्यावर माझं डोकं फिरलं. मी उठणार तेवढ्यात वैशालीनं मला खाली बसवलं आणि स्वतः उभी राहिली.

"काका, मी रोज मोडलेली हाडंच बघते. आमच्या वॉर्डात स्पीडवेवरून पडलेलं अजून कोणी आलेलं नाही. पण शिडीवर चढून छपराचं गटर साफ करताना पडलेले तुमच्या वयाचे गृहस्थ सारखे येतात. तुमचं गटर कोण साफ करतं?"

मागच्या रांगेतून मोकाशीकाकू उठल्या. "हेच करतात! किती वेळा सांगितलं, ऐकतील तर शपथ!"

निधी नाही तो नाहीच मिळाला. पण त्या आठवड्यात मोकाशींची शिडी विकायला निघाली, हे काकूंनीच फोन करून कळवलं.

*

मंडळ नाही तर नाही! आम्ही ट्रॅकवरच वडापावचा स्टॉल लावला. कढईवर वैशाली, पावांवर मी, गल्ल्यावर नितीन. एका डब्यात हिरव्या मिरचीचा ठेचा.

एक धिप्पाड ऑसी आजोबा आले. त्यांना तो ठेचा म्हणजे त्यांच्याकडच्या गोडसर लोणच्यासारखं काही वाटलं असावं. आम्ही "थोडा, थोडा!" म्हणेपर्यंत त्यांनी चमच्यानं सगळ्या पावावर थापला आणि मोठ्ठा घास घेतला. चेहरा लाल, मग जांभळा. डोळ्यांतून धारा. तसेच निघून गेले.

नितीन म्हणाला, "गेला आपला स्टॉल. आता तक्रार होणार."

पाच मिनिटांनी आजोबा परत आले. सोबत तसेच धिप्पाड तीन गडी. "हे माझे भाऊ," आजोबा कसंबसं म्हणाले. "यांनाही तेच द्या. आणि आधी काही सांगू नका."

त्यांच्या बिलात सईचे दोन टायर आले; ते त्या कुटुंबानं खाल्ले असं आम्ही म्हणतो.

*

क्वेकर्स हिलचे एक होम लोनवाले गृहस्थ स्पॉन्सर व्हायला तयार झाले. आम्ही खूश! त्यांच्या अटी मात्र लग्नाच्या याद्यांना लाजवतील अशा. सईनं नऊवारी नेसून गाडीशेजारी फोटो काढायचा, फोटोत हसायचं, आणि रेस सूटवर त्यांचं नाव छातीवरच हवं, ठळक.

नितीन म्हणाला, "हो म्हणूया. इंग्लंडचं तिकीट निघेल."

सई सगळं ऐकत होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. म्हणाली, "अंकल, नऊवारी इज फाइन. आय लव्ह नऊवारी. पण नाव पाठीवर घ्या."

"पाठीवर का?"

"बाकीच्या रायडर्सना माझी तीच बाजू दिसते."

गृहस्थ इतके हसले की चहा सांडला. नाव पाठीवर घेतलं आणि जायच्या तिकिटाबरोबर परतीच्या तिकिटाचेही पैसे दिले.

*

सगळेच किस्से हसायचे नाहीत.

गेल्या नोव्हेंबरात इंग्लंडहून एका क्लबच्या मॅनेजरचा इमेल आला. फेब्रुवारीत तो ऑस्ट्रेलियाला येणार होता, नव्या रायडर्सना बघून एकाला मार्चपासून टीममध्ये घेणार होता. आम्ही पेढे वाटले. आणि पुढच्याच रविवारी पहिल्या वळणावर सई दुसऱ्या गाडीत अडकून पडली.

खरं सांगते, मी हातात स्पॅनर धरून उभीच राहिले. ती उठून बसली तेव्हा मी रडले, सगळ्यांसमोर. डाव्या बाजूची कॉलरबोन मोडली होती.

मंडळाच्या ग्रुपवर तासाभरात मेसेज आला, "म्हणूनच आम्ही सांगत होतो." खाली हात जोडलेले.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये मी वैशालीला म्हटलं, "अगं, बंद करूया का हे? माझी छाती होत नाही आता."

ती एक्स-रे उजेडाकडे धरून बघत होती. पेशंट म्हणून बघत होती की मुलगी म्हणून, मला कळेना. एक्स-रे खाली ठेवून म्हणाली, "हाड सरळ जुळेल. तू इंजिन बघ."

मी गेले आणि इंजिन उघडलं.

*

आता शेवटचा. हा मी कुणालाही, कितीही वेळा सांगू शकते.

फेब्रुवारीतली शनिवारची दुपार, ऊन मरणाचं. डॉक्टरनं सईला आठवड्यापूर्वीच परवानगी दिली होती. इंग्लंडचा मॅनेजर कुंपणाशी वही घेऊन उभा होता, नेमका वैशालीच्या शेजारी. ही रायडरची आई हे त्याला ठाऊक नव्हतं आणि तिनंही सांगितलं नाही.

सईच्या पहिल्या दोन शर्यती यथातथाच गेल्या, दोन्हींत नंबर तिसरा. खांद्याला सांभाळून चालवत होती. मॅनेजरनं वहीत एक ओळसुद्धा लिहिली नाही. राहिली एकच शर्यत.

त्या शर्यतीत एकाची गाडी सुटतानाच बंद पडली. दुसरा घसरला आणि शर्यत सोडून गाडी मधल्या मैदानात घेऊन गेला. उरले दोघं. पुढे एक पोरगा, मागे सई, आणि या वेळी ती खांदाबिंदा विसरली होती. तिसऱ्या फेरीत तिनं त्याला जवळजवळ गाठलं. चौथ्या फेरीत, शेवटच्या वळणावर, चेन तुटली.

चेन मी बसवली होती.

पुढचा पोरगा जिंकून गेला. सईची गाडी फुसफुसत थांबली. नियम असा की रायडरनं स्वतःच्या बळावर, वेळेत, गाडी ढकलत रेषेपार नेली तर दुसरा नंबर तिचा. दुसऱ्या कोणाचा हात लागला की बाद.

सई उतरली. हेल्मेट तसंच डोक्यावर. उजवा खांदा सीटला लावला आणि त्या भुसभुशीत मातीतून गाडी ढकलायला लागली. गाडी तिच्यापेक्षा जड. डाव्या बुटाखालचा पोलादी तळ मातीत रुतत होता. दहा पावलं, थांबली. परत दहा. एकदा गुडघ्यावर आली. गाडी पडू दिली नाही.

नितीननं कुंपणावर पाय टाकला. वैशालीनं त्याचा पट्टा मागून धरला. "हात लावशील तर ती बाद होईल!"

"अगं, खांदा जाईल तिचा!"

"उजव्यानं ढकलतेय. मी बघतेय. उतर खाली."

नितीन उतरला. आयुष्यभर ज्या पोरीला आम्ही सगळ्यांनी मिळून ढकललं, तिच्याकडे तोंडानं ओरडत बघत राहण्याशिवाय आमच्या हातात काही नव्हतं. मी मराठीतून ओरडत होते. बॅरी टोपी चावत होता. स्टॉलवरचे ते आजोबा आणि त्यांचे भाऊ कुंपण बडवत होते.

सईनं रेषा ओलांडली आणि गाडीसकट आडवी झाली. मग झोपूनच एक हात वर केला. डावा.

मॅनेजरनं वही मिटून खिशात टाकली. मग समोरच बघत, शेजारच्या बाईला उद्देशून म्हणाला, "मार्चमध्ये आमच्याकडे हाडं गोठतात. या मुलीकडे चांगला जाड कोट आहे का, कोणाला माहितीय?"

वैशालीनं सईवरची नजर काढली नाही.

"कधीच बॅगेत भरून ठेवलाय."