मळणीचं सर्किट

आमच्या माळावरचं मोटारसायकलींचं सर्किट वडिलांनी दोरीनं आखलं. कडुलिंबाला दोरीचं एक टोक बांधलं, दुसऱ्याला कुदळ, आणि फिरले गोल. जन्मात त्यांनी एकच मोठा गोल आखला होता, तो खळ्याचा, त्यामुळं सर्किटही खळ्यासारखंच झालं. सगळं वाटोळं, सरळ रस्ता औषधालाही नाही.

वडिलांचं नळदुर्गजवळ हायवेला गॅरेज होतं. दुरुस्त केलेल्या गाड्या पळवून बघायला माळ बरा पडायचा. बघता बघता गावोगावचे मेकॅनिक जमू लागले आणि दसऱ्यानंतरची शर्यत ठरूनच गेली. मडगार्ड काढलेल्या जुन्या फटफट्या, आणि माझ्या ओढणीचा झेंडा. तो मीच हलवायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाही.

एका वर्षी सोलापूरचे खरेखुरे रेसर आले. वडिलांना कोण आनंद! धूळ बसावी म्हणून त्यांनी पहाटे उठून सगळ्या वाटेवर शेणसडा घातला, खळ्याला घालतात तसा. पहिल्याच फेरीत तिघे पाहुणे शेणात लोळले. त्यातला एक उठून म्हणाला, "मामा, ही रेस हाय का मळणी? सरळ रस्ताच न्हाय, तर गाडी पळवायची कुठं?"

सगळा माळ हसला. वडीलही हसले, पण घरी येऊन जेवले नाहीत. मला त्या रेसरचा भयंकर राग आला, आणि तो खरं बोलला याचा त्याहून जास्त.

सरळ रस्ता काढायचा तर एका बाजूचा बांध फोडावा लागणार होता, आणि पलीकडची जमीन धाकट्या चुलत्यांची. त्याच बांधाच्या हातभर मातीवरून दोघा भावांचं बोलणं नऊ वर्षं बंद होतं. चुलते दर शर्यत बघायचे, पण बांधापलीकडूनच.

"अण्णा, जाऊन इचारा की त्यास्नी," मी म्हणाले.

"मेलो तरी न्हाय. माळ नांगरून टाकतो. हरभरा तरी येईल."

मला रडू आलं. अण्णांचा जेवढा जीव आमच्यावर, तेवढाच त्या वेड्यावाकड्या माळावर होता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

सोमवारी सकाळी त्यांनी खरंच नांगर जोडून ट्रॅक्टर माळावर नेला. मी मागोमाग गेले. बांधावर चुलते उभे होते, हातात टिकाव, घामानं निथळत. एक गाडी जाईल एवढा बांध त्यांनी फोडलेला होता. वडिलांनी ट्रॅक्टर बंद केला.

"दादा," चुलते खाली बघत म्हणाले, "परक्यांनी तुमास्नी हसावं, ते मला न्हाय बघवलं. अजून किती रुंद फोडू, तेवढं सांगा."

वडील खाली उतरले. त्यांनी हात पुढं केला.

"दमलास तू. दे हिकडं."

आणि पुढचा बांध ते फोडू लागले.