दुसरा नळ कोणी उघडला?

सारखं ‘का?’ विचारते म्हणून शाळेतली मुलं तिला ‘का-ताई’ म्हणत. आधी ती वर्गशिक्षिका होती. पुस्तक संपवायच्या घाईत एखादं मूल मागे पडलं की त्याच्याकडे नुसतं बघत राहावं लागे, ते तिला सलायचं. शेवटी तिने वर्ग सोडला आणि एकेका मुलाला मदत करायचं काम धरलं. ज्याचं घोडं अडलं असेल त्याच्या शेजारी वर्गात बसायचं, त्याच्या घरी जायचं, आणि नेमकं कुठे अडलंय ते शोधायचं. नवरा म्हणायचा, “पोलिसात गेली असतीस तर एव्हाना बढती मिळाली असती.”

एकदा गणिताच्या सरांनी तिला गाठलं. “सहावीतली ती मधल्या रांगेतली मुलगी. पाढे तोंडपाठ, फळ्यावरचं गणित झरझर सोडवते. पण शाब्दिक उदाहरण आलं की पान कोरं! मी तर हात टेकले. तिला वाचता तरी येतं का, बघा.”

वाचता येत होतं, अगदी खणखणीत. मग अडतंय कुठे? का-ताईला चैन पडेना. ती मुलीच्या घरी गेली. खाली आईचं इस्त्रीचं दुकान, वर दोन खोल्या. वडील फरश्या बसवायचे.

“हट्टी आहे, दुसरं काय!” आई म्हणाली. “आजोबांवर गेलीय.”

दुकानाच्या कोपऱ्यात उरलेल्या फरश्या रचलेल्या दिसल्या आणि ताईला वाटलं, सापडलं! हिला हाताने मांडून शिकवायला हवं. पुढच्या खेपेला तिने फरश्या पसरून गणित मांडलं. मुलीने थोडा वेळ शहाण्यासारखं त्या इकडून तिकडे सरकवल्या. मग हळूच म्हणाली, “ताई, फरश्या बाबांना आवडतात. मला नाही.”

वडील खो खो हसले. ताईही खजील होऊन हसली. पण आता ती खनपटीलाच बसली. पुस्तक पुढे ठेवून म्हणाली, “सोडवू नकोस. वाचताना डोक्यात काय येतं, तेवढंच सांग.”

मुलीने वाचलं. एक नळ टाकी तीन तासांत भरतो, दुसरा भरलेली टाकी सहा तासांत रिकामी करतो. दोन्ही एकदम उघडले तर...

“पण दुसरा उघडला कोणी?”

“म्हणजे?”

“टाकी भरायचीय ना? मग खालचा नळ बंद करायचा! वेडा आहे का तो माणूस? की कोणी आंघोळ करतंय? सहा तास?” ती अगदी कळवळून बोलत होती. “मी त्याचाच विचार करत बसते. तेवढ्यात घंटा होते.”

हेच उदाहरण ताईने वर्षानुवर्षं शिकवलं होतं. आता तिलाही तो नळ बंद करावासा वाटू लागला.

“वॉशर गेला असेल,” आई इस्त्री फिरवता फिरवता म्हणाली. “आपला नाही का गळत?”

“हां, मग बरोबर!” मुलीने पेन्सिल उचलली आणि बघता बघता उत्तर काढलं. सहा तास. आई बघतच राहिली. इस्त्रीखालची बाही करपता करपता वाचली.

सरांनी ऐकून कपाळाला हात लावला. “वर्गात चाळीस पोरं! प्रत्येकाच्या टाकीला प्लंबर कुठून आणू?”

“प्लंबर नको. समासात कारणाची एक ओळ लिहू द्या तिला.”

सर कबूल झाले. घरी आई रोज एक उदाहरण वाचायची आणि तिघं मिळून कारण शोधायची. वडिलांची कारणं सगळ्यांत अचाट. पहिल्या परीक्षेत मुलीने कारणच पानभर लिहिलं आणि वेळ संपली. मग ती आवरतं घ्यायला शिकली. धान्यात भेसळ करणाऱ्या दुकानदाराच्या उदाहरणापुढे नुसतं ‘लबाड’ लिहून ती पुढे गेली. मार्क काही फार वाढले नाहीत, पण पान कोरं राहिलं नाही. सर तर आता समास आधी वाचायचे.

वर्ष संपताना आई शाळेत आली आणि दारातच घुटमळली. “ताई, माझी शाळा मध्येच सुटली. मोठ्यांना शिकवता का हो तुम्ही?”

“तुमचं कुठे अडलं होतं?”

आई लाजली. “अर्ध्याला अर्ध्याने भागलं की एक येतो म्हणे. भागल्यावर कमी व्हायला हवं ना? वाढतं कसं?”

का-ताईने खुर्ची पुढे ओढली. “बसा. तुम्हाला काय वाटतं, ते आधी सांगा.”