बंद पडलेली मालिका

बहिणीने खाडीपलीकडच्या दिघीच्या मुसलमान मुलाशी लग्न केलं, तेव्हापासून आईने तिचं नाव टाकलं. दर उन्हाळ्यात आमच्याकडे लेकींच्या सासरी पांढऱ्या कांद्याची माळ जाते, ती फक्त माझ्याकडे येत राहिली. आणि टीव्हीवर तशाच जोडप्याची विनोदी मालिका लागली, की हीच आई पदर तोंडाला लावून हसायची. माझं डोकं फिरायचं.

लोकांनी ओरड केली आणि मालिका दोन महिन्यांत गुंडाळली. मी माहेरी गेले. आई म्हणाली, "आता पोर कशी हाय, ते मला कुठून कळायचं?"

मी चिडून म्हटलं, "मालिका बंद झालीय, दिघीची फेरीबोट नाही."

आईने आढ्याला टांगलेली कांद्याची एक माळ सोडवली आणि चपला शोधू लागली.