स्लॅबची जिलबी

आज समोरच्या बापूकाकांच्या घराचा स्लॅब होता. स्लॅबच्या दिवशी कामावरच्या सगळ्यांना जिलबी द्यायची, ही आमच्या गल्लीतली जुनी रीत. काकांनी मोठी परात भरून आणली. पण काँक्रीट तयार होऊनच गाडीतून आलं, पंपाच्या नळीतून वर चढलं आणि आंबोळीच्या पिठासारखं आपसूक पसरलं. ठोकायला नको, दाबायला नको. जेवणाच्या आत काम आटोपलं.

"बाकीची माणसं कुठायत?" काकांनी मुकादमाला विचारलं.

"एवढीच, काका. आता एवढीच लागतात."

या काँक्रीटमध्ये सिमेंट कमी आणि वीजकेंद्राची राख जास्त, असंही तो कौतुकाने म्हणाला. मला बरं वाटलं. एरवी कुणाच्या तरी शेतावर, विहिरीवर उडत बसणारी ती राख घराच्या कामी आली. मग आमच्या स्लॅबच्या वेळच्या बायका आठवल्या. हातोहात घमेली वर पोचवताना एकमेकींना चिडवणाऱ्या, पोरांसाठी जिलबी पदरात बांधून नेणाऱ्या. राखेचीसुद्धा सोय लागली. त्यांची कुठे लागली असेल?

पाच-सहा जणांनी खाऊनही परात भरलेलीच राहिली. काकांनी तिच्यावर कागद झाकला आणि पुन्हा एकदा रस्त्याच्या टोकाकडे पाहिलं.