जास्तीचा एक पीळ

एमिल ह्रुश्का म्हणजे आमच्या क्लीव्हलंडच्या वायरमन मंडळींतला हाताने सगळ्यात पक्का माणूस. स्क्रू आवळून आम्ही थांबायचो, एमिल वर अर्धा पीळ द्यायचा. "एमिलनं बसवलेला स्क्रू काढायचाय? मग एमिललाच बोलवा," असं आम्ही चिडवायचो. तांब्याच्या तारेवरचं त्याचं एकही काम कधी परत आलं नाही.

मग तांबं महागलं आणि ठेकेदार ब्रँटने ॲल्युमिनियमची तार आणली. "तार ती तार. जरा जाड घ्या, झालं!" स्वतःच्या घरात मात्र पठ्ठ्याने तांबंच घातलं होतं. त्याच सुमारास एमिलची बहीण लुडमिला घर बांधत होती, तिथेही ब्रँटची हीच तार. तिला विजेची भारी धास्ती. "एमिल, माझ्याकडचे स्क्रू जरा जास्तच आवळ हं. आई राहणार आहे इथं." एमिलने अख्खा एक पीळ जास्त दिला.

दुसऱ्या हिवाळ्यात आईच्या खोलीतल्या हीटरचं सॉकेट भिंतीच्या आत पेटलं. आई गेली. चौकशीत निघालं, स्क्रू सैल होता. दफनानंतर जेवताना लुडमिला सगळ्यांदेखत म्हणाली, "परक्यांचे आवळतोस, आणि आईचा सैल ठेवलास?"

"मी आवळला होता," एमिल म्हणाला. पुढे कितीतरी वर्षं तो तेच म्हणत राहिला. कोणी ऐकून घेईना.

एकदा युनियनच्या हॉलमध्ये दोन्ही तारांमधला फरक दाखवायला एक मास्तर आले. "कोणाचा हात भारी?" सगळ्यांनी एमिलला पुढे ढकललं. त्याने दोन्ही स्क्रू आवळले. मास्तरांनी तारा तापवल्या, निवू दिल्या, पुन्हा तापवल्या. तांबं जागचं हललं नाही. ॲल्युमिनियमची तार त्यांनी दोन बोटांनी ओढून काढली.

"हा धातू मऊ. जास्त दाबला की चेपतो. तापला की तांब्याहून जास्त फुगतो, स्क्रूखालून पसरतो. निवला की आकसतो, पण होता तसा होत नाही. मग फट पडते, आणि फटीत ठिणगी."

ब्रँटचा मला असा संताप आला! बाहेर येताच मी म्हटलं, "चल लुडमिलाकडे. आत्ताच्या आत्ता तुझ्यावरचा डाग पुसू."

एमिल गाडीत बसेना. "काय सांगणार तिला? जास्त आवळला म्हणून पेटला? आणि जास्त आवळ असं कोण म्हणालं होतं?"

त्या वर्षी आईच्या नावाच्या प्रार्थनेनंतर आम्ही लुडमिलाकडे जेवायला बसलो. तिने नेहमीचा टोमणा मारला.

"खरंय, लुडा," एमिल म्हणाला. "घाईत होतो. सैलच राहिला."

लुडमिला उठली आणि तिने त्याच्यापुढची ताटली उचलून नेली.